पिन सुटते

१२ जानेवारी २०११

चि. भाच्यास,

पत्र पोचलं. फोनवर इंजिन सांगता येत नाही हे तुझं खरं. मामी पॅड घेऊन समोर बसली आहे. मी बोलतो, ती लिहिते. (अक्षर माझं, शब्द यांचे. मी बोलले तर कंसात बोलेन. – मामी)

तू विचारलंस, नव्या इंजिनांत व्हॉल्व्हची उचल कमीजास्त कशी होते. तू शिकवणारा माणूस, तुला मुळापासून लागेल.

व्हॉल्व्ह म्हणजे दार. ते उघडलं की हवा आणि पेट्रोल आत. दार आपण होऊन उघडत नाही. वर कॅमशाफ्ट फिरत असतो. त्या दांड्यावर अंड्यासारखे फुगवटे असतात. फुगवट्याचं टोक खाली आलं की ते रॉकर नावाच्या तरफेला दाबतं, रॉकर व्हॉल्व्हला दाबतो, दार उघडतं. फुगवटा जितका उंच तितकं दार जास्त उघडतं. हीच उचल. दार खाली ढकललं जातं, तरी म्हणायचं उचल, कारण ते आपल्या बैठकीवरून उठतं.

आता अडचण बघ. गाडी सावकाश चालते तेव्हा हवा थोडीच लागते, पण ती भोवरा घेत जोरात यावी लागते. म्हणजे दार किलकिलं बरं. गाडी पळायला लागली की इंजिनाला दम लागतो. तेव्हा दार सताड हवं. जुन्या इंजिनात फुगवटा एकच. मग बनवणारे मधलं काहीतरी धरायचे. ना धड हे, ना धड ते. (यांच्या त्या चौकड्यांच्या शर्टासारखं. घरात घालायला चांगला, बाहेर जायला वाईट.)

नव्या इंजिनात दोन व्हॉल्व्हना तीन फुगवटे आणि तीन रॉकर. कडेचे दोन फुगवटे बुटके, मधला उंच. कडेचे रॉकर व्हॉल्व्हवर टेकलेले. मधला कशावरच टेकलेला नाही. तो आपल्या स्प्रिंगवर नुसता वरखाली होतो. दिवसभर राबतो आणि काम काही नाही. (पॅडचं शेवटचं पान आलं. आता आवरतं घेते.) वेग वाढला की कॉम्प्युटर तेलाची वाट उघडतो. दाबाचं ऑइल रॉकरच्या पोटात शिरतं. तिथे बारक्या पिना असतात. तेल आलं की पिन सुटते. मग मधल्याचं राज्य. दार सताड उघडतं, इंजिनाचा आवाज बदलतो, पाठ सीटला टेकते. वेग उतरला की तेल मागे, आणि सगळं पहिल्यासारखं.

बिघडतं ते बहुतेक एकच. तेलाच्या वाटेवर नखाएवढी जाळी असते. ऑइल वेळेवर बदललं नाही की ती चोंदते. लोक अख्खे रॉकर बदलतात आणि जाळी तशीच.

कळलं नसेल तर ये. असं एक इंजिन टेबलावर उघडं पडलं आहे. बोटानं दाबून बघ.

तुझा मामा


२० जानेवारी २०११

ती. मामा आणि मामी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लख्ख कळलं. वर्गात तसंच सांगितलं, कुणी एकही शंका काढली नाही. मामी, शर्टाचं सांगितलं नाही, काळजी नसावी.

यायचं मनात आहे, पण सत्र चालू आहे. शिवाय तसं इंजिन आमच्या प्रयोगशाळेत आहेच, तिथे बघतो.

एक मागणं आहे. गिअर, क्लच, ब्रेक अशी आणखी चार प्रकरणं तुम्ही याच पद्धतीनं सांगाल का? टिपणांसाठीच, घाई नाही. सोबत नवं पॅड पाठवतो आहे.

तुमचा भाचा


२ फेब्रुवारी २०१३

चि. भाच्यास,

वर्षभरात तुझं पत्र नाही. बढती मिळाल्याचं बाहेरून कळलं. आनंद झाला. घरचं लग्न आणि शेजाऱ्याकडून आमंत्रण, पण असो.

इथे नवा नियम आला आहे. प्रत्येक वर्कशॉपमध्ये प्रमाणपत्राची परीक्षा पास झालेला एक तरी माणूस पाहिजे. नसेल तर डिसेंबरअखेर दाराला सील. माझ्याकडे दोघं कामाला आहेत, दोघंही माझ्याच जातकुळीचे. हात शिकलेले, कागद कोरा. पस्तीस वर्षं हे दार मी सकाळी आठला उघडतो. आता ते उघडायला परवानगी लागणार.

बघू. कुणीतरी बसेल परीक्षेला. तू यात पडू नकोस. ओळखीनं आलेला कागद मला भिंतीवर नको. (संध्याकाळी चष्मा लावून काहीतरी वाचतात. काय वाचता विचारलं की वर्तमानपत्र म्हणतात. वर्तमानपत्राला आकृत्या कधीपासून आल्या?)

तुझा मामा


९ जून २०१३

ती. मामा आणि मामी,

पत्राला उशीर झाला. कान धरतो.

ती प्रमाणपत्राची परीक्षा झाली. तुमच्याकडचं कुणी बसलं होतं का? मी तपासनिसांत आहे. नंबर कळवा, पास करून टाकतो. (चेष्टा. नावं झाकलेली असतात, आणि मामांचा ओरडा मला इथपर्यंत ऐकू येईल.)

पेपर तपासून डोळे गेले, पण करमणूकही झाली. एक तुम्हाला सांगायलाच हवी, मामा, तुमच्या विषयातली आहे. प्रश्न मीच काढला होता: ‘इंजिन बंद असताना मधला रॉकर बोटाने दाबला असता एकटाच हलतो. दोष ओळखा व उपाय लिहा.’ बारा गुण. सोपा प्रश्न. इंजिन बंद म्हणजे तेलाचा दाब नाही, म्हणजे पिनेनं तिघांना धरून ठेवलेलं असायला हवं. एकटा हलतो म्हणजे पिन झिजली, रॉकरचा संच बदला. तर एका महाशयांनी लिहिलं आहे: ‘दोष नाही. तेल आले की पिन सुटते आणि तिघांना बांधते. आता तेल नाही.’

सुटते आणि बांधते! मी ते स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचलं. एकाच्या हातातला चहा सांडला. अक्षरही बघण्यासारखं. आधी पट्टीनं आडवी रेघ मारलेली, मग तिला एकेक अक्षर टांगलेलं, वर्कशॉपच्या भिंतीवर पाने टांगतात तसं. शून्य दिलं आणि लाल शाईनं लिहिलं: ‘वाक्यात विरोध. पुस्तक, पान ६३ वाचा.’

आता आमचे एक सहकारी कुणी उशिरा आलं की म्हणतात, हे सुटले आणि बांधले गेले.

तुमचा भाचा


१ जुलै २०१३

चि. भाच्यास,

पत्र मिळालं. मामीनं वाचून दाखवलं. तो मजकूर मी पुन्हा वाचायला सांगितला.

पिन सुटते, याचा तू काय अर्थ घेतोस ते कळव. तेवढंच विचारायचं आहे. काम बरं चाललं आहे.

तुझा मामा

(या खेपेला कंसात काही नाही.)


१० जुलै २०१३

ती. मामा,

तुम्ही विचारता म्हणून गंमत वाटली. तुम्हीच शिकवलेलं तुम्हाला सांगतो.

सुटते म्हणजे मोकळी होते. गाठ सुटते, पकड सुटते, तशी. एरवी पिन तिन्ही रॉकरना एकत्र धरून असते. तेलाचा दाब आला की ती बाहेर पडते, मधला रॉकर मोकळा होतो आणि पुढे त्याचं राज्य. म्हणूनच सुटणं आणि बांधणं एकाच वाक्यात येऊ शकत नाही. त्या महाशयांनी कुठेतरी ऐकलेलं वाक्य उतरवलं असणार. वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांचं तेच होतं, काम येतं पण त्यामागची कल्पना स्पष्ट नसते. तुमचं वेगळं.

मामी गप्प का? काही चुकलं का माझं?

तुमचा भाचा


४ ऑगस्ट २०१३

चि. भाच्यास,

हे पत्र मी स्वतः लिहितो आहे. मामीला सांगितलेलं नाही. शुद्धलेखन तपासलेलं नाही. अक्षर तू पाहिलेलं आहेस.

परीक्षेला मी बसलो होतो. आजूबाजूला सगळी विशीतली मुलं. एकानं मला पाण्याचा ग्लास आणायला सांगितला. शिपाई समजला. मी आणून दिला. पेपर सुरू व्हायला अजून वेळ होता.

नऊ गुणांनी गेलो. उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. लाल शाई वाचली. पान ६३ वाच म्हणून लिहिलं होतं. कुठलं पुस्तक ते दुकानदाराला विचारलं. त्यानं काढून दिलं. वर तुझं नाव होतं.

दुकानातच उभ्यानं वाचलं. व्हॉल्व्ह म्हणजे दार. दिवसभर राबतो आणि काम काही नाही. मला माझी वाक्यं ओळखू आली. खरं सांगतो, बरं वाटलं. कागद जाड आहे. छापल्यावर ती जास्त शहाणी दिसतात.

मग पान ६३ आलं. तिथे चूक आहे. चूक माझी आहे.

आमच्यात सुटते म्हणजे निघते. पिन आपल्या जागेवरून निघते आणि शेजारच्याच्या पोटात घुसते. अर्धी याच्यात, अर्धी त्याच्यात. असे तिघं एक होतात आणि मधल्याच्या उंच फुगवट्यावर तिघंही उचलले जातात. तेल गेलं की बारकी स्प्रिंग पिनेला घरी पाठवते. म्हणून इंजिन बंद असताना मधला एकटा हललाच पाहिजे. नाही हलला तर दोष.

मी नीट बोललो असतो तर तू नीट लिहिलं असतंस. तू शिकलेला आहेस, शिकलेल्यांचा अर्थ घेणार. मला ते कळायला हवं होतं. माझ्यामुळे तुझ्या पुस्तकात खोटं छापलं गेलं. मला लाज वाटते.

फेरतपासणीचा अर्ज मी करणार नाही. केला तर तुझं पुस्तक चार लोकांपुढे उघडं पडेल. डिसेंबरात वर्कशॉप बंद करतो. गुडघे दुखतातच. दोघांना दुसरीकडे लावून देईन. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा मामा


९ ऑगस्ट २०१३

ती. मामा,

पाकीट फोडलं आणि वाचायच्या आधीच कळलं. आडवी रेघ दिसली. मी पाकीट उलटं ठेवलं आणि हात धुऊन आलो. का धुतले ते माहीत नाही.

मला लाज वाटते. सगळं सांगतो.

आमच्या प्रयोगशाळेत तसं इंजिन नाही. कधीच नव्हतं. मी ते आजवर उघडलेलं पाहिलेलंही नाही. विद्यार्थ्यांनी विचारलं, मला आलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. तुमचं पत्र आलं आणि वाटलं, हे असं कुणालाच लिहिता येणार नाही. तेव्हा एक प्रकाशक लेखक शोधत होते. पाच पत्रांची पाच प्रकरणं झाली. प्रस्तावनेत अनेकांचे आभार मानले आहेत. तुमचं नाव घातलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मग यांनी काय केलं? बढती त्या पुस्तकावर मिळाली. म्हणून वर्षभर पत्र नाही. लाज वाटत होती.

मी हसलो. मी सगळ्यांना हसवलं.

पण वर्कशॉप बंद करू नका. वाट आहे. तुम्ही फक्त बेरीज पुन्हा करा एवढाच अर्ज द्या. कारण लिहू नका. बेरजेचा अर्ज मूळ तपासनिसाकडेच येतो. मी दोन-तीन प्रश्नांत गुण वाढवून दाखवतो. फक्त नऊ गुण कमी आहेत, कुणी बघत नाही. पान ६३ पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो. छपाईची चूक म्हणून निघून जाईल. तुमचं काम होईल आणि कुणाचंच नुकसान होणार नाही.

अर्ज या महिनाअखेरपर्यंत पोचला पाहिजे. मला खरंच लाज वाटते.

तुमचा भाचा


१६ ऑगस्ट २०१३

चि. भाच्यास,

आजवर मी कंसात होते. हे पत्र माझं आहे.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलेलं नाही. दाखवलं असतं तर ते हो म्हणाले असते. स्वतःसाठी नव्हे, तुझ्यासाठी. तुझं नाव राहावं म्हणून त्यांनी खोटा कागद भिंतीवर लावला असता, आणि रोज सकाळी त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले असते.

लाज वाटते असं तू तीनदा लिहिलंस. मी मोजलं. लाज वाटणारा माणूस लपायची जागा इतकी नीट आखत नाही. तारखेसकट.

माझंही ऐक. त्या दिवशी हे म्हणाले होते, ‘तेल आलं की पिन सुटते, स्थानकातून गाडी सुटते तशी, आणि पुढच्या स्थानकात शिरते.’ पान संपत आलं होतं. मला वाटलं, हे यांचं नेहमीचं पाल्हाळ. मी ‘पिन सुटते’ एवढंच लिहिलं आणि पूर्णविराम दिला. नवं पॅड आणायला दुकान दोन मिनिटांवर होतं. हे मी त्यांना परवा सांगितलं. ते म्हणाले, ‘चालायचंच.’ मला नाही चालत.

तेव्हा चुकीत आपण तिघं आहोत. त्यांनी लिहिलेलं वाचून घेतलं नाही, मी कमी लिहिलं, तू न बघता छापलंस. चुका होतात. पण मुखपृष्ठावर जे आहे ती चूक नाही. त्यात तू एकटा आहेस. दुसऱ्याचं उचललेलं आहे ते. आमच्या वर्कशॉपमध्ये कुणी पाना उचलला तर यांना चालत नाही, पण तू भाचा.

तू ‘चार प्रकरणं’ म्हणून लिहिलं होतंस. टिपणांना प्रकरणं नसतात. मी तेव्हाच थांबायला हवं होतं. मला वाटलं, शिकलेल्यांची भाषा असेल.

आणि हे एकटे नापास झालेले नसतील. ज्यांनी ज्यांनी इंजिन उघडून पाहिलं आहे, त्या सगळ्यांना तू शून्य दिलं असशील. ते कुणाचे मामा आहेत ते तुला माहीत नाही.

काय करायचं ते मी सांगणार नाही. तू तपासनीस आहेस.

तुझी मामी


२० ऑगस्ट २०१३

मा. अध्यक्ष,
परीक्षा मंडळ यांस,

महोदय,

यंदाच्या प्रमाणपत्र परीक्षेतील प्रश्न क्र. ७ (मधला रॉकर) मी काढला व तपासला. त्याचे मी योग्य मानलेले उत्तर चुकीचे आहे. इंजिन बंद असताना मधला रॉकर एकटा हलणे हा दोष नाही. ज्यांनी ‘दोष नाही’ असे लिहिले त्यांचे उत्तर बरोबर असून त्यांना मी शून्य गुण दिले आहेत. सर्व उत्तरपत्रिका दुसऱ्या तपासनिसाकडून पुन्हा तपासाव्यात. त्या परीक्षार्थींत माझे मामा आहेत. हे मला तपासताना माहीत नव्हते, आता माहीत आहे. म्हणून ते काम माझ्याकडे देऊ नये.

चूक माझ्या नावावरील पाठ्यपुस्तकाच्या पान ६३ वरून आली. त्या पुस्तकातील पाच प्रकरणे मी लिहिलेली नाहीत. ती माझ्या मामांनी सांगितली व मामींनी लिहिली. त्यांना न विचारता मी ती स्वतःच्या नावे छापली. त्यांच्या मजकुरात मी केलेला एकच बदल आहे, आणि तो म्हणजे ही चूक.

ती मूळ पत्रे सोबत जोडली आहेत. पाहून परत करावीत. ती माझी नाहीत.

आपला,
तपासनीस


१ डिसेंबर २०१३

ती. मामा आणि मामी,

काल संध्याकाळी परत पोचलो. तुमच्याकडे असताना जे बोललो नाही ते लिहितो आहे.

मंडळाचं तुम्हाला कळलंच आहे. ‘दोष नाही’ लिहिणारे अकरा जण निघाले. अकराही जण वर्कशॉपमध्ये काम करणारे. त्यांतले सात पास झाले, त्यांत तुम्ही. माझं नाव तपासनिसांच्या यादीतून काढलं. पुस्तक मागे घेतलं. बढतीचा निर्णय यायचा आहे, तो काय येईल ते मला माहीत आहे. स्टाफरूममध्ये आता कुणी काही वाचून दाखवत नाही. मी आत गेलो की चर्चा थांबते. हे ठीक आहे.

ठीक नाही ते वेगळंच. माझं पान ६३ पाठ करून ज्यांनी प्रश्न ७ मध्ये पूर्ण गुण घेतले ते चौसष्ट जण आहेत. त्यांचा निकाल मंडळानं बदलला नाही, कारण चूक त्यांची नव्हती. ते आता ठिकठिकाणी कामाला लागले आहेत आणि इंजिन उघडून, बोटानं दाबून, चांगले रॉकर फेकून देत असतील. मी एकेकाला पत्र लिहितो आहे. छत्तीस झाली.

मामा, तुम्ही मला टेबलापाशी नेलंत, इंजिनावरचं टॅपेट कव्हर काढलंत आणि माझं बोट धरून मधल्या रॉकरवर ठेवलंत. तो हलला. मी चाळीस वर्षांचा आहे, आणि तेव्हा मला वर बघवेना.

मग ते गिऱ्हाईक आलं, निळ्या गाडीच्या बाई. तुम्ही त्यांना म्हणालात, ‘हा माझा भाचा. या इंजिनावर पुस्तक लिहिलंय यानं.’ छाती काढून म्हणालात. मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, ‘नाही. ते यांनी लिहिलंय.’

पण तुम्ही तेवढ्यात गाडीत बसून रेस दिली होतीत, त्यांना आवाजातला फरक ऐकवायला. काटा चढला, आवाज बदलला, पत्र्याचं छप्पर थरथरलं. बाई मला म्हणाल्या, ‘काय म्हणालात?’ ते मला ओठांवरून कळलं. मी मान हलवली. त्यांना वाटलं, मी हो म्हणतो आहे. त्या हसल्या आणि त्यांनी मला नमस्कार केला. मीही केला.

मग तुम्ही इंजिन बंद केलंत. शांत झालं. तेव्हा बोलता आलं असतं. तुम्ही हात पुसत होतात, बाई पर्समध्ये किल्ली शोधत होत्या, चांगली दोन मिनिटं कुणी काही बोलत नव्हतं. मंडळाला लिहिता आलं. तिथे, त्या एका बाईंसमोर, तुमच्या देखत, माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.

मामी, निघताना तुम्ही माझ्या हातात नवं पॅड ठेवलंत. म्हणायचं होतं ते मला कळलं.

त्या बाईंचा पत्ता तुमच्या वहीत असेल. तो कळवा.

तुमचा भाचा